पहिल्या पानावरून उतरल्यावर

फेब्रुवारी २०११ मधली एक संध्याकाळ. अमेरिकेत ‘लिव्हिंग रूम फर्निचर’ हे शब्द गुगलवर टाकले, की जे. सी. पेनी या जुन्या दुकानसाखळीचं पान सर्वांत वर येई. सात वाजता ते तिथेच होतं. नऊ वाजता ते ६८व्या जागेवर गेलं होतं. प्रवासी बॅगांच्या एका शोधात पेनीचा क्रमांक पहिला होता, तिथे दोन तासांनी ७१वा आला. दुकान तेच, सोफे तेच, किमतीही त्याच. एका यादीतली जागा तेवढी बदलली आणि गिऱ्हाइकांच्या दृष्टीने भर बाजारपेठेतलं दुकान एका रात्रीत गावाबाहेर गेलं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार डेव्हिड सेगल यांनी त्या आठवड्यात ही गोष्ट उजेडात आणली. दोन हजारांहून अधिक पानांवर पेनीकडे नेणाऱ्या लिंका पेरलेल्या होत्या. अणुअभियांत्रिकीपासून कॅसिनोपर्यंत कुठल्याही विषयाच्या साइटवर ‘ड्रेस’, ‘चादरी’, ‘गालिचे’ असे शब्द आणि त्यांच्यामागे पेनीचा पत्ता. या लिंका आपल्या संमतीने लागल्या नाहीत, असं कंपनीने सांगितलं. एका साइटने दुसरीकडे लिंक देणं म्हणजे तिच्या बाजूने मत देणं, या विचारावर १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगलची इमारत उभी केली होती. इथे मतंच विकत घेतलेली निघाली. गुगलच्या माणसांनी स्वतः हस्तक्षेप करून पेनीला खाली ढकललं. लिंका साफ झाल्या आणि साधारण तीन महिन्यांनी पेनीची पानं परत वर आली.

ही हकिगत आधी सांगितली, कारण घसरून परत वर येण्याच्या कहाण्यांमध्ये ती सर्वांत सोपी आहे. चूक काय ते माहीत होतं, शिक्षा कोणी दिली ते माहीत होतं, ती कशी उठेल याचाही अंदाज होता. आज अशी कारवाई झाली तर साइटच्या मालकाला ‘सर्च कन्सोल’ या गुगलच्या मोफत साधनात तसा संदेश येतो आणि दुरुस्ती करून फेरविचाराचा अर्ज टाकता येतो. पण पेनी कोसळली त्याच महिन्याच्या अखेरीस गुगलने असं काही सुरू केलं, ज्यात संदेश येत नाही, अर्ज चालत नाही आणि ज्याला फटका बसतो त्याला आपलं काय चुकलं हे कुणी सांगत नाही. गेली दीड दशकं जगभरचे लहानमोठे प्रकाशक या दुसऱ्या प्रकारच्या घसरणीशी झुंजत आहेत.

लेकराचं औषध आणि पांडा

त्या बदलाला गुगलमध्ये ‘पांडा’ म्हणत. हे नाव प्राण्यावरून आलेलं नाही. नवनीत पांडा नावाच्या अभियंत्याने त्यामागची मुख्य कल्पना काढली होती, म्हणून ते पडलं. त्या काळात इंटरनेटवर ‘कंटेंट फार्म’ माजले होते. लोक काय शोधतात ते यंत्राने हेरायचं, मिळेल त्या माणसाकडून त्या शब्दांवर चार परिच्छेद स्वस्तात लिहून घ्यायचे आणि भोवती जाहिराती लावायच्या. त्यातलं एकही पान खोटं असेलच असं नाही. पण त्यातून वाचकाला काही मिळतही नसे. पांडाने अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांचे निकाल हलवले. ऑगस्ट २०११ मध्ये चिनी, जपानी आणि कोरियन सोडून इतर भाषांनाही तो लागू झाला, म्हणजे मराठीलाही.

चांगलं पान आणि वाईट पान यांतला फरक यंत्राला शिकवायचा कसा? शोधविभागाचे तेव्हाचे प्रमुख अमित सिंघल मूळचे झाशीचे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी मॅट कट्स यांनी ‘वायर्ड’ मासिकाला ती पद्धत सांगितली होती. आधी बाहेरच्या माणसांना साइट दाखवून प्रश्न विचारले. या साइटला तुमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर द्याल का? या साइटवर सांगितलेलं औषध तुमच्या मुलाला द्याल का? माणसांनी दिलेली उत्तरं घेऊन यंत्राने विश्वासाच्या आणि बिनविश्वासाच्या अशा दोन्ही गटांतल्या साइटच्या खुणा शोधल्या. मे २०११ मध्ये सिंघल यांनी असे २३ प्रश्न जाहीरच केले. गेल्या दीड दशकात गुगलने दिलेला सल्ला कितीही वेळा नव्याने लिहिला गेला, तरी त्याचं मूळ त्या औषधाच्या प्रश्नात आहे. गडगडलेली साइट वर आणायची असेल तर पहिलं काम हेच: आपलंच पान उघडून हा प्रश्न स्वतःला विचारायचा आणि प्रामाणिक उत्तर द्यायचं.

पांडातून बाहेर पडलेल्यांपैकी ‘हबपेजेस’ची कथा शिकण्यासारखी आहे. हजारो लोक तिथे लेख टाकत. कुणी मन लावून लिहिणारे, कुणी नुसते शब्द भरणारे. पांडाने सगळ्यांना एका पारड्यात टाकलं आणि साइटचे सुमारे निम्मे वाचक गेले. मुख्याधिकारी पॉल एडमंडसन यांनी गुगलशी पत्रव्यवहार केला आणि प्रत्येक लेखकाचं लिखाण वेगवेगळ्या उपपत्त्यावर, म्हणजे सबडोमेनवर, हलवून पाहिलं. एका चाळीतल्या बिऱ्हाडांना स्वतंत्र दारं काढून द्यावीत तसं. चांगल्या लेखकांची पानं काही आठवड्यांत वर येऊ लागली. यातून त्या वेळी अनेकांना एक गोष्ट कळली: यंत्र फक्त एका पानाला तोलत नाही, सगळ्या घराला तोलतं. पन्नास पानं मन लावून लिहिली आणि पाचशे पानं वजन वाढवायला टाकली, तर ती पाचशे त्या पन्नासांनाही खाली ओढतात.

एप्रिल २०१२ मध्ये दुसरा तडाखा आला, ‘पेंग्विन’. त्याचा रोख पेनीच्या प्रकरणातल्यासारख्या विकतच्या लिंकांवर होता आणि इंग्रजीतले सुमारे ३.१ टक्के शोध त्याने हलवले. नको असलेल्या लिंका नाकारण्यासाठी गुगलने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक साधन दिलं. लोकांनी रात्री जागून लिंकांच्या याद्या केल्या, अनोळखी साइटच्या मालकांना विनंतीपत्रं धाडली. पण पेंग्विन तेव्हा अधूनमधूनच नव्याने चालवला जाई. ऑक्टोबर २०१४ मधल्या फेरीनंतरची फेरी थेट सप्टेंबर २०१६ मध्ये आली. ज्यांनी दुरुस्ती नोव्हेंबर २०१४ मध्ये पुरी केली, ते सगळं नीट करूनही जवळपास दोन वर्षं तळाशी बसून राहिले. या काळात किती घरचे धंदे मिटले असतील, याची नोंद कुठल्याही सर्च कन्सोलमध्ये सापडणार नाही.

शिक्षा नाही, तरी खाली

पांडा आणि पेंग्विन आता वेगळे उरलेले नाहीत; ते गुगलच्या मूळ यंत्रणेत विरघळले. त्यांच्या जागी वर्षातून काही वेळा ‘कोअर अपडेट’, म्हणजे क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल, येतो. तो लागू व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. मार्च २०२४ चा तर ४५ दिवस चालला. त्याशिवाय बारीक बदल रोज सुरूच असतात. २०२२ या एका वर्षात गुगलने आपल्या शोधात साडेचार हजारांहून अधिक बदल केले.

कोअर अपडेटमध्ये खाली जाणं ही शिक्षा नाही, असं गुगल म्हणतं. त्यासाठी कंपनीने एक उदाहरण दिलं होतं. समजा, २०१५ मध्ये तुम्ही सर्वोत्तम शंभर चित्रपटांची यादी केली आणि २०१९ मध्ये ती नव्याने लिहायला घेतली. काही नवे चित्रपट आत येतील, काही जुन्यांबद्दल तुमचं मत सुधारेल, काही खाली सरकतील. खाली सरकलेल्या चित्रपटांत दोष निर्माण झालेला नसतो. युक्तिवाद म्हणून हे पटतं. पण यादीतली जागा ज्याच्या घरचा महिना चालवते, त्याच्यासाठी खाली सरकणं आणि शिक्षा होणं यांत फरक उरत नाही. आणि शिक्षा नसल्यामुळे ती माफ करून घेण्याची सोयही नसते.

मग करायचं काय? या कामात मुरलेली माणसं सर्वांत आधी जे सांगतात ते ऐकायला सोपं आणि पाळायला कठीण आहे: हात आवरा. अपडेट चालू असताना आकडे रोज वरखाली होतात. तो संपल्याचं गुगल जाहीर करतं; त्यानंतर निदान एक आठवडा थांबून, अपडेटच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा शेजारी ठेवून पाहायचं. दुसऱ्या जागेवरून चौथ्या जागेवर आलेल्या पानाला हात लावू नये, असं गुगलच स्वतःच्या मार्गदर्शनात सांगतं. चौथ्यावरून २९व्या जागेवर गेलं असेल तर मात्र नीट झाडाझडती घ्यायची.

घसरण खरोखर अपडेटमुळेच आहे का, हेही आधी तपासावं लागतं. साइट नव्या रूपात आणताना ‘हे पान शोधात दाखवू नका’ असं सांगणारी एक ओळ चुकून मागे राहते आणि वाचक आटतात. सर्व्हर दोन दिवस बंद असतो. पत्ते बदलले जातात आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे जाणारी वाट कुणी करत नाही. यातली कुठलीही चूक एका दुपारी निस्तरता येते आणि तिच्यासाठी अख्ख्या साइटचं लिखाण उकरायची गरज नसते.

मराठी साइटसाठी यात आणखी एक मेख आहे. आपला वाचक सणांच्या तालावर शोधतो आणि आपले सण तिथीवर चालतात. २०२३ मध्ये गणपती १९ सप्टेंबरला बसले, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. ‘गेल्या वर्षी याच तारखेला किती वाचक होते’ ही तुलना आरतीच्या किंवा उकडीच्या मोदकांच्या पानासाठी निरुपयोगी आहे. गुगलचा ‘हेल्पफुल कंटेंट’ नावाचा मोठा बदल १४ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाला आणि २८ सप्टेंबरला पुरा झाला. तो दिवस अनंत चतुर्दशीचा होता. विसर्जनानंतर आरत्यांचे शोध ओसरणं हा दर वर्षीचा क्रम, आणि त्याच दिवशी अल्गोरिदमचं काम पुरं झालेलं. यातलं कोणतं पाणी ओहोटीचं आणि कोणतं धरण फुटल्याचं, हे तिथीप्रमाणे दिवस जुळवल्याशिवाय कळायचं नाही.

पुढची पायरी म्हणजे पानं आणि शोधशब्द वेगळे करून पाहणं. जागा तीच आहे पण क्लिक घटले, तर वाचकाला उत्तर गुगलच्याच पानावर मिळू लागलं असेल. इम्प्रेशन, म्हणजे आपलं पान निकालांत किती वेळा दिसलं तो आकडा, घटले पण जागा टिकून आहे, तर लोकांनी तो विषय शोधणंच कमी केलं असेल. जागाच गेली असेल, तर आपल्या वर कोण आलं ते एकेक शोध करून पाहावं आणि त्यांची पानं वैऱ्याच्या नजरेने न वाचता वाचकाच्या नजरेने वाचावीत. बरेचदा तिथे काहीतरी असतं, जे आपल्याकडे नसतं: स्वतः काढलेले फोटो, स्वतः वापरून आलेला अनुभव, लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याला या विषयातलं काय कळतं ते. गुगलच्या वतीने निकाल तपासणाऱ्या हजारो माणसांसाठी एक जाडजूड मार्गदर्शिका आहे. त्यात जाणकारी, अधिकार आणि विश्वास या कसोट्या २०१४ पासून होत्या; डिसेंबर २०२२ मध्ये त्यांत ‘अनुभव’ जोडला गेला. या चारांत विश्वास सर्वांत महत्त्वाचा, असंही तिथे लिहिलेलं आहे.

त्यानंतर येते खरी मेहनत. एकाच प्रश्नावरची सात पातळ पानं एकत्र करून एक भरीव पान करणं. जुनी माहिती ताजी करणं. नुसती तारीख बदलणं नव्हे. जाहिरातींच्या आडून मजकूर शोधावा लागत असेल तर त्या कमी करणं. सुधारण्यासारखंच नसेल ते काढून टाकणं, पण तो शेवटचा उपाय. इतकं करून उद्या सकाळी काही घडत नाही. काही बदलांचा परिणाम थोड्या दिवसांत दिसतो, काहींना महिने लागतात आणि बरेचदा पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं. आणि तेव्हाही जुनी जागा मिळेलच, अशी हमी गुगल देत नाही. जो कुणी पंधरा दिवसांत रँक परत आणून देण्याच्या नावाखाली पैसे मागतो, त्याच्याकडेही ती हमी नाही.

ज्यांचं काही चुकलं नव्हतं

इथवरची गोष्ट न्यायाची वाटते: चुकलात तर सुधारा, सुधारलात तर वर याल. सप्टेंबर २०२३ मधल्या ‘हेल्पफुल कंटेंट’ बदलानंतर ही समजूत अनेकांच्या बाबतीत मोडली.

डॅनी ॲश्टन आणि गिझेल नव्हारो यांची ‘हाउसफ्रेश’ ही साइट २०२० मध्ये सुरू झाली. विषय एकच, घरातली हवा शुद्ध करणारी यंत्रं. ते ही यंत्रं आणत, खोलीत धूर करत, तो किती मिनिटांत निवळतो ते मोजत, आवाज मोजत, वीज मोजत आणि मग लिहीत. ‘अनुभव’ या कसोटीचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडलं नसतं. तरी ‘सर्वोत्तम एअर प्युरिफायर’ असे शब्द टाकले की वर येत ती मोठ्या, नामांकित मासिकांची पानं. त्यांपैकी कित्येकांत यंत्र कधी चालवून पाहिल्याची खूणही नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाउसफ्रेशने हे सगळं पुराव्यांसह लिहिलं आणि तो लेख जगभर गेला. पुढच्याच महिन्यात मोठा कोअर अपडेट आला. मे महिन्यात त्यांनी पुन्हा लिहिलं, तेव्हा गुगलकडून येणारे वाचक जवळपास संपले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोज चार हजार यायचे, ते तेव्हा दोनशेवर आले होते.

मार्चच्या त्या अपडेटनंतर शोधातला निकृष्ट मजकूर ४५ टक्क्यांनी घटला, असं गुगलने जाहीर केलं. हा आकडा खरा मानला, तरी त्या झाडणीत कचऱ्याबरोबर धान्यही गेलं, ही गोष्ट उरतेच. मोठ्या नावांच्या आडोशाने भलत्याच विषयाची पानं चालवण्याविरुद्धचा नियम गुगलने त्याच वर्षी आणला. म्हणजे हाउसफ्रेशची तक्रार ज्या दिशेची होती, तिथे रोग आहे हे कंपनीनेही मान्य केलं.

ऑगस्ट २०२४ च्या अपडेटच्या वेळी गुगलने स्पष्ट लिहिलं की, लहान आणि स्वतंत्र साइटना त्यांच्या विषयाच्या शोधात योग्य स्थान मिळावं, म्हणून लेखकांचं म्हणणं लक्षात घेतलं आहे. हाउसफ्रेश त्या अपडेटमध्ये काही प्रमाणात वर आली. पण फटका बसलेल्या बहुतेक साइट तेव्हा वर आल्या नाहीत. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी गुगलने अशा वीसेक साइटच्या लेखकांना माउंटन व्ह्यूच्या मुख्यालयात बोलावलं. त्यांच्याशी बोलायला होते डॅनी सुलिव्हन, एके काळी शोधयंत्रांवर पत्रकारिता करणारे आणि २०१७ पासून तेव्हापर्यंत गुगल आणि साइटवाले यांच्यातला दुवा असलेले. त्या दिवशी तिथे शोधविभागाचे एक प्रमुख शास्त्रज्ञही होते, पांडू नायक. हे नाव आपल्या कानाला जवळचं वाटतं. पांडुरंग नायक हे त्यांचं पूर्ण नाव. ते मुंबईच्या आयआयटीत शिकले आणि गुगलमध्ये येण्याआधी ‘नासा’मध्ये अंतराळयान स्वतः चालवणाऱ्या प्रणालीवर काम करत होते.

त्या बैठकीला गेलेल्यांनी बाहेर येऊन जे लिहिलं, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: तुमच्या साइटमध्ये दोष नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. पण मग त्या परत वर कधी येतील, याचं उत्तर मात्र मिळालं नाही. त्या बैठकीला गेलेले जोशुआ टायलर ‘जायंट फ्रीकिन रोबोट’ ही चित्रपटविषयक साइट चालवत. पुढच्याच महिन्यात त्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं.

चूक असेल तर ती सुधारता येते. पण ज्याचं काही चुकलंच नाही, त्याने काय सुधारावं? अल्गोरिदमच्या युगातला हा खरा अन्याय आहे. कुणी मुद्दाम केलेला नसेल; पण ज्याच्या यंत्रातून तो झाला, त्याची जबाबदारी हेतू नव्हता म्हणून संपत नाही.

एकच वजनकाटा

जबाबदारीचा प्रश्न निघतो, कारण वजनकाटा एकच आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की, शोधाच्या बाजारात गुगलची मक्तेदारी आहे आणि ती टिकवण्यासाठी कंपनीने कायदा मोडला. अमेरिकेतले सुमारे ९० टक्के शोध गुगलवर होतात, मोबाइलवर जवळपास ९५ टक्के, हे आकडे त्या निकालपत्रात आहेत. भाजीबाजारात एकच काटा असला आणि तो कुणा एकाच्या मालकीचा असला, तर भाजीवाल्याने कितीही ताजी जुडी आणली तरी तिचं मोल काट्याचा मालक ठरवणार.

याच खटल्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये पांडू नायक यांची साक्ष झाली आणि त्यातून लोकांना ‘नॅव्हबूस्ट’ या प्रणालीची ओळख झाली. लोक कोणत्या निकालावर क्लिक करतात, याची गेल्या तेरा महिन्यांची आठवण ती ठेवते. क्रमवारी ठरवताना वाचकांच्या या क्लिकना वजन आहे, हे गुगलच्या माणसानेच शपथेवर सांगितलं. साइट चालवणाऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. शीर्षकाने ओढून आणलेला आणि दोन क्षणांत निराश होऊन गेलेला वाचक हा फायदा नाही. तो पुढच्या कित्येक महिन्यांचं ओझं होऊ शकतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता यांनी उपायांचा निकाल दिला. गुगलचा ‘क्रोम’ ब्राउझर विकायची सक्ती त्यांनी केली नाही, पण काही शोधविदा स्पर्धकांना द्यावी लागेल असं म्हटलं. दुसरा काटा उभा राहायला याने मदत होईल का, ते पुढची काही वर्षं ठरवतील.

तोवर बाजारच बदलतो आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात, गुगलने शोधनिकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांश द्यायला सुरुवात केली. ‘प्यू रिसर्च सेंटर’ने मार्च २०२५ मधल्या अमेरिकी वापरकर्त्यांची पाहणी केली. असा सारांश नसताना लोक १५ टक्के वेळा खालच्या एखाद्या निकालावर क्लिक करत होते. सारांश असताना ८ टक्के वेळा. म्हणजे गेलेला क्रमांक हरप्रयत्नाने परत मिळवला, तरी त्या क्रमांकाचं मोल निम्म्यावर आलेलं असू शकतं.

आपल्या भाषेतली पानं

हा सगळा इतिहास बहुतेक इंग्रजी साइटचा आहे. पण काटा तोच, म्हणून मराठी साइटनाही याची झळ लागते. आणि इथे आपण स्वतःकडे स्वच्छ नजरेने पाहायला हवं.

‘अंगारकी कधी आहे’ असं मराठीत शोधून पाहा. कित्येक पानांवर तारीख मिळायला तीन-चार परिच्छेद ओलांडावे लागतात: हिंदू धर्मात चतुर्थीला महत्त्व आहे, गणपती विघ्नहर्ता आहे, भक्त मोठ्या श्रद्धेने उपवास करतात. हे कुठल्या मराठी घराला माहीत नाही? वाचकाला हवी असते तारीख आणि चंद्रोदयाची वेळ. सातबारा, एमपीएससीची जाहिरात, एखाद्या मालिकेचा पुढचा भाग, सगळीकडे हाच साचा. गुगलने लेखकांसाठी ठेवलेल्या प्रश्नावलीत नेमकं हेच विचारलं आहे. ठरावीक शब्दसंख्या गुगलला आवडते असं ऐकून तुम्ही लांबण लावता का? तशी कुठलीही शब्दसंख्या नाही, हे उत्तरही तिथेच दिलेलं आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणाकडेच नाही, त्याचं उत्तर दिल्याचा आव आणता का?

मार्च २०२४ मध्ये आलेल्या नियमांत आणखी एक गोष्ट आपल्याला लागू पडते. दुसऱ्यांचा मजकूर घेऊन, त्यात स्वतःची भर न घालता, यंत्राने भाषांतर करून ढिगाने पानं छापणं हा गैरप्रकार मानला जातो. इंग्रजी बातमी यंत्रात घालून मराठी पान काढण्याचा उद्योग आपल्याकडे जोरात आहे. त्या पानांची मराठी वाचून कुणालाही कळतं, की ती कुणी लिहिलेली नाही. अशी पानं एका अपडेटमध्ये वाहून गेली, तर मी हळहळणार नाही. पण त्यांच्याबरोबर कोल्हापूरच्या एखाद्या तरुणीने स्वतः शेतात उभं राहून लिहिलेलं हळदीच्या लागवडीचं पान वाहून गेलं, तर ते नुकसान आपल्या भाषेचं असेल. इंग्रजीत एक चांगलं पान गेलं तर दहा उरतात. मराठीत त्या विषयावर ते एकच असू शकतं.

म्हणून मराठीत मन लावून लिहिणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आपलं घर आधी स्वच्छ करा, अपडेटची वाट न पाहता. जे पान तुम्ही तुमच्या आईला, तुमच्या गावच्या शेतकऱ्याला, स्पर्धापरीक्षेला बसलेल्या धाकट्या भावाला निःशंक मनाने पाठवाल, तेवढंच ठेवा. उत्तर वर द्या, पाल्हाळ काढून टाका, स्वतःचं नाव लिहा. यामुळे क्रमांक परत येईलच असं नाही. पण ज्यांचे परत आले, त्यांनी बहुतेक हेच केलं होतं.

दुसरी गोष्ट, वाचकाकडे जाणारी एक तरी वाट स्वतःची ठेवा. ईमेल, व्हॉट्सॲप चॅनेल, छापील पुस्तिका, वर्षातून एकदा भेटणं, काहीही असो. ज्याला तुमचं नाव माहीत आहे आणि जो थेट तुमच्या पत्त्यावर येतो, त्याला कुठलाही अपडेट तुमच्यापासून हिरावू शकत नाही. क्रमांक दुसऱ्याच्या यादीतला असतो; वाचकाशी जुळलेली ओळख तुमची स्वतःची असते.

आणि वाचकांनो, एक मागणं तुमच्याकडेही. एखाद्या मराठी साइटवर तुम्हाला हवं ते नेमकं मिळालं, तर तिचं नाव लक्षात ठेवा. तिचा पत्ता जपून ठेवा, पुढच्या वेळी गुगलवर न शोधता थेट तिच्याकडे जा आणि चार जणांना सांगा. कुणाचं पान वर ठेवायचं, हे ठरवण्याचा अधिकार एका कंपनीच्या काट्याइतकाच तुमच्या हातातही आहे. तो वापरा.